अंडा घासण्याची पाळी

पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धांतावरून आमच्या सेमिनरीत भांडण झालेलं मी एकदाही पाहिलं नाही. सांबारावरून मात्र आठवड्यातून दोनदा व्हायचं.

सेमिनरी म्हणजे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तयार करणारं विद्यालय. आमची लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथाची, तमिळनाडूतली. नाव सांगत नाही, कारण पुढे घरातली उणीदुणी आहेत. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, सी.एन.आय.चा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, अमेरिकन मराठी मिशनमधून उभी राहिलेली. पेटी, तबला आणि कवी ना. वा. टिळकांची भजनं एवढ्यावर आमची उपासना चालते. पायघोळ झगा घातलेला पाळक, तालासुरात म्हटलेली पापकबुली, घडीघडीला प्रभुभोजन हे सगळं मला नवीन होतं. डायोसिसने, म्हणजे आमच्या धर्मप्रांताने, पाठवलं म्हणून गेलो. यापेक्षा उदात्त कारण माझ्याकडे नाही.

पदवी मिळते ती सेरामपूरची. देशातल्या कितीतरी सेमिनऱ्या तिथल्याच सिनेटला जोडलेल्या आहेत. बंगालीत त्या गावाला श्रीरामपूर म्हणतात, आणि माझी सासुरवाडी आमच्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर. सासऱ्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "श्रीरामपूरचीच पदवी घ्यायची होती तर मद्रासच्या बाजूला जायचं काय नडलं होतं?" त्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिली, कारण गाव तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं. विल्यम केरीचं मराठी व्याकरणही तिथलंच, १८०५ चं. हे सगळं मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. डेन्मार्क आणि मराठी यांची गाठ खरी कुठे पडते ते बघायला मला पुढे तंजावरला जावं लागलं. ते नंतर.

पहिलं वर्ष मी सेमिनरी पाहिलीच नाही. २०२० साल. वर्ग मोबाईलवर. ग्रीक भाषा मी आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून शिकलो, कारण रेंज तिथेच यायची. प्रत्यक्ष गेलो ते पुढच्या वर्षाच्या अखेरीला, बायको आणि धाकटी लेक घेऊन. दीड वर्ष चौकोनात पाहिलेली माणसं अचानक पायांसकट समोर उभी राहिली तेव्हा कोण बुटका, कोण उंच याचंच आश्चर्य. पण त्या दीड वर्षाची एक खोड सगळ्यांना लागली होती. प्रत्येकजण आपापल्या चौकोनातच राहत होता.

हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत इंडक्शनच्या शेगड्या आल्या होत्या. झारखंडची मुलं खोलीत भात आणि चोखा करायची. ईशान्येकडच्यांच्या मजल्यावर सुक्या मासळीचा वास. आंध्रवाल्यांकडे गोंगुऱ्याच्या बरण्या. फॅमिली क्वार्टर्समध्ये आम्ही गावाकडून आणलेलं ज्वारीचं पीठ पुरवून पुरवून वापरत होतो. मेसमध्ये जे कोणी यायचे ते भाषेप्रमाणे बसायचे. टेबलांना नावं नव्हती, पण तेलुगू टेबलावर मल्याळी माणूस बसला तर दोन्हीकडची बोलणी थांबायची. आणि सांबार. "रोज तेच", "आमटी म्हणजे हे नव्हे", "डाळ वेगळी काढून ठेवा", "मग तुम्हीच करा". सकाळच्या उपासनेला चॅपेलमध्ये पुढचे तीन बाक रिकामे आणि मागच्या भिंतीला माणसं टेकलेली. मीही मागेच असायचो.

मेसचे आचारी मायिलाडुदुरै भागातले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, ते सगळ्यांना तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे, प्राचार्य सोडून. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात मदतीला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तंबी, अंडा!" मी कोठीतून अंड्यांचा ट्रे घेऊन आलो. अण्णा पोट धरून हसले. तमिळमध्ये अंडा म्हणजे मोठं थोरलं पातेलं, ज्यात शंभर माणसांचं सांबार शिजतं, आणि ज्यात वाकलं की माणूस कमरेपर्यंत आत जातो.

२०२३ च्या जानेवारीत एक गोष्ट घडली. पहिल्या मजल्यावरचा एक मुलगा दोन दिवस खोलीत तापाने फणफणत पडून होता. डेंग्यू. त्याच्या ओळीत सात खोल्या. येता-जाता सगळ्यांनी बंद दार पाहिलं होतं. अभ्यास करत असेल, गावी गेला असेल, असं ज्याने त्याने आपापलं धरून चाललं होतं. शोध लावला तो अण्णांनी. "तो चष्म्यावाला तंबी परवापासून चहाला आला नाही," एवढंच म्हणत ते हातातला झारा घेऊनच वर गेले. मुलगा वाचला, आठवड्याभरात परतही आला. पण पाळक या शब्दाचा अर्थ मेंढपाळ. शंभरातलं एक हरवलं तर नव्याण्णव रानात सोडून त्याच्यामागे जाणारा. येशूच्या त्या गोष्टीवर आम्ही सगळ्यांनी एकेक संदेश, म्हणजे प्रवचन, तरी दिलेलाच होता, काहींनी दोन. आणि मेंढरं मोजली आचाऱ्याने.

याची लाज फार दिवस बोलून दाखवली नाही कुणी. मग ईश्वरविज्ञान शिकवणारे आमचे गुंटूरचे सर एका संध्याकाळी चॅपेलमध्ये, संदेश वगैरे काही न देता, एका जर्मन सेमिनरीची हकीकत सांगू लागले.

हिटलरच्या तालावर नाचायला ज्या मंडळ्यांनी नकार दिला त्यांनी १९३५ मध्ये आपल्या भावी पाळकांसाठी लपूनछपून चालवाव्यात तशा काही सेमिनऱ्या काढल्या. त्यातली एक डीट्रिख बोनहोफर या लुथरन पाळकाकडे होती. एप्रिलमध्ये बाल्टिक समुद्राकाठी सुरू झाली आणि दोन महिन्यांनी फिंकेनवाल्डे या गावी हलली. त्याच्या आदल्या वर्षी बोनहोफर हिंदुस्थानात यायला निघाला होता, गांधीजींकडे राहून एकत्र जगणं म्हणजे काय ते शिकायला. गांधीजींचं पत्रही गेलं होतं, १ नोव्हेंबर १९३४ चं: परतीचं भाडं आणि इथला माणशी महिना शंभर रुपये खर्च परवडत असेल तर केव्हाही या. तेवढ्यात सेमिनरीचं काम गळ्यात पडलं आणि बेत राहून गेला. (मला या जागी नेहमी वाटतं, आला असता तर वर्ध्याच्या उन्हात या जर्मन माणसाचं काय झालं असतं!)

सरांना सांगायचं होतं ते वेगळंच. सुरुवातीच्याच दिवसांत स्वयंपाकघरातून निरोप आला: भांडी घासायला हात हवेत. कुणी उठलं नाही. बोनहोफर एक शब्द न बोलता उठला, आत गेला. मग ओशाळून मागोमाग धावलेल्यांना त्याने आत घेतलंच नाही. आणि दुसरी गोष्ट, तिथला एक नियम. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. तोंडून गेलंच तर त्याच्याकडे जाऊन सांगायचं की मी तुझ्याबद्दल असं बोललो. १९३७ च्या सप्टेंबरात गेस्टापोने, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली. अडीच वर्षं, बस्स. सर म्हणाले, "आपल्याला कुणी बंद करायला येणार नाही. आपण आपले आपणच बंद पडू." आणि निघून गेले.

त्यानंतर चार संध्याकाळी सभा झाल्या. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात, म्हणजे २२ फेब्रुवारी ते ९ एप्रिल, काहीतरी करून बघायचं एवढ्यावर पहिल्याच दिवशी एकमत झालं. काय करायचं यावर नाही. उपवास, साखळी-प्रार्थना, मौनाचे दिवस, मोबाईलबंदी, सगळं येऊन गेलं. शेवटी तीन गोष्टी उरल्या. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, क्वार्टर्समधल्या कुटुंबांनीसुद्धा, खोलीतल्या शेगड्या संध्याकाळी बंद. भांडी सगळ्यांनी पाळीपाळीने, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावून. आणि तिसरा तो फिंकेनवाल्डेचा नियम.

तिसऱ्यावर कुणी भांडलं नाही. तो सोपा वाटला. आग लागली ती भांड्यांवरून.

तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा उभा राहिला. शांत स्वभावाचा, कधी फारसं न बोलणारा. म्हणाला, "भांडी घासून नम्रता शिकायची ही गोष्ट ज्याच्या घरात मोलकरीण होती त्याच्यासाठी आहे. माझी आई आजही दुसऱ्यांची भांडी घासते. तिने मला इथे पाठवलं ते यातून सुटायला. मला नम्रता शिकवायला आणखी काय उरलंय?" सभा एकदम गप्प. कुणीतरी "पण ख्रिस्ताने शिष्यांचे पाय..." असं सुरू केलं, त्याला शेजारच्याने खाली बसवलं, ते बरं झालं.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती ताटं उचलत होती. ती म्हणाली, "बरोबरच बोलला तो. तुमच्या पणजीने गावकीत उष्टं-शिळं मागून पोरं वाढवली. आजी मिशनच्या बोर्डिंगात गेली म्हणून तुम्ही आज ग्रीक वाचताय. आता जा, पदवी घेऊन लोकांची उष्टी काढा." मग जरा थांबून, "आणि अहो, घरातली ताटं कधी घासलीत तुम्ही?" या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्याला तरी कुठे होतं!

चौथ्या सभेत तोडगा निघाला आणि तोही त्या मुलानेच काढला. पहिले दोन आठवडे विद्यार्थ्यांनी भांड्यांना हात लावायचा नाही. प्राध्यापक, प्राचार्य, ऑफिसातले साहेब, सगळ्यांनी घासायची. आम्ही बसून बघायचं. त्यानंतर चिठ्ठ्या. एक-दोन प्राध्यापकांचे चेहरे मी बघितले. त्यांना बोनहोफर एवढा जवळून नको होता. पण नाही कसं म्हणणार?

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. मागच्या अंगणात सिमेंटचा ओटा, तीन नळ, बोअरचं मचूळ पाणी, त्यात साबणाला फेस येत नाही. प्राचार्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, घड्याळ काढून खिशात ठेवलं, आणि पहिल्याच रात्री अंड्यात वाकले. तळाला सांबार करपून बसलेलं. काथ्याने घासलं, निघेना. अण्णा दाराशी उभे राहून बघत होते, हात शिवशिवत होते त्यांचे. शेवटी न राहवून म्हणाले, "अय्या, आधी गरम पाणी. मग चिंच." प्राचार्यांनी कोपरापर्यंत काळे झालेले हात बाहेर काढले आणि विचारलं, "किती वेळ भिजवायचं?" त्या अंगणात प्राचार्यांनी कुणालातरी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितलेली मी पहिल्यांदा पाहिली. अण्णांनी त्या रात्री, अगदी हळू, त्यांनाही तंबी म्हणून टाकलं. तोंडून निसटलं असावं. कुणी हसलं नाही.

जेवणाची टेबलं मात्र पटकन मोडली नाहीत. पहिले काही दिवस तेलुगू टेबल, मल्याळी टेबल तस्संच. बदल झाला तो लेकरांमुळे. क्वार्टर्समधली सात-आठ पोरं एकत्र जेवायला येऊ लागली आणि त्यांना कोण कुठल्या प्रांताचं याचा पत्ता नव्हता. माझी लेक रोज वेगळ्या ताटात जाऊन बसायची. तिच्यामागे घास घेऊन बायको फिरायची, बायकोमागे कुणीतरी पाण्याचा तांब्या. महिन्याभरात लेक "पोदुम" म्हणायला शिकली, म्हणजे पुरे. आम्हालाही ती पोदुम म्हणायला लागली, विशेषतः अभ्यासाच्या वेळी.

आता माझी गोष्ट.

झारखंडमधल्या सिमडेग्याचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. गॉस्नर लुथरन, म्हणजे तिकडच्या लुथरन मंडळीतला. त्यांच्याकडे नमस्कार म्हणून "यीशु सहाय" म्हणतात. माझं जय ख्रिस्त, त्याचं यीशु सहाय, तमिळ मुलांचं स्तोत्रम, असं आमचं सकाळी चालायचं. मी मनातल्या मनात त्याला सिमडेगाकर म्हणायचो. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या, घर सोडून गेलेल्या मुलाच्या, दाखल्यावर संदेश दिला. फार सुरेख झाला. एरवी इंग्रजीत अडखळणारा मुलगा, त्या दिवशी हिंदीत सरळ धार लागली. मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मी दोघांना म्हटलं, "यूट्यूबवरून उतरवलंय ते. मी ऐकलंय." खरंच कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. आदल्या आठवड्यात माझा संदेश पडला होता.

दोघांपैकी एकाने कप ठेवला आणि म्हणाला, "नियम तिसरा." हसतच म्हणाला. मी पण हसलो. घरी आलो तर जेवण जाईना. बायकोला सांगितलं. "मग जा की," ती म्हणाली, "हात वर करून पास केलात ना नियम?"

क्वार्टर्सपासून हॉस्टेल दोनशे पावलं असेल. मी आधी लायब्ररीत जाऊन आलो, मग नोटीस बोर्ड वाचला, मग पुन्हा लायब्ररीत. शेवटी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तो पलंगावर चादर टाकून रविवारचा पांढरा शर्ट इस्त्री करत होता.

"मी तुझ्या माघारी तुझ्याबद्दल बोललो," मी हिंदीत म्हटलं. वाक्य घोकून गेलो होतो.

त्याने इस्त्री उभी ठेवली. "क्या बोला?"

सांगितलं.

"किस-किसको?"

दोघांची नावं सांगितली.

खाली कुणीतरी कॅरम खेळत होतं, सोंगट्यांचा आवाज येत होता. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा मग पुस्तकात असतं तसं मिठी वगैरे मारेल. त्याने "ठीक है" म्हटलं, कॉलर उलटी केली आणि इस्त्री फिरवायला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग आलो.

दुसऱ्या दिवसापासून यीशु सहाय बंद. माझ्या जय ख्रिस्तला तो मान हलवायचा. दहा-बारा दिवस. क्षमा या विषयावर माझ्या वहीत त्या सत्रात चौदा पानं टिपणं आहेत. त्यात या दहा-बारा दिवसांबद्दल एक ओळ नाही. आणि एक सांगतो, त्या काळात टपरीवर बसलो की माझी जीभ आपोआप अडायची. कुणाबद्दल काही तोंडाशी आलं की आधी तो जिना डोळ्यांसमोर यायचा. बऱ्याच जणांचं तसंच झालं असणार, कारण चहाच्या गप्पा एकदम कमी झाल्या. टपरीवाला म्हणाला, "काय साहेब, परीक्षा आल्या काय?" माणसांबद्दल बोलायचं नाही म्हटलं तर आमच्याकडे बोलण्यासारखं केवढं कमी होतं!

पाचव्या आठवड्यात सगळ्यांना बसने तरंगमबाडीला नेलं. जुनं नाव त्रांकेबार. १६२० मध्ये डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायकाकडून ही जागा घेऊन किल्ला बांधला. तो पिवळट किल्ला अजून समुद्राकडे तोंड करून उभा आहे. ९ जुलै १७०६ ला दोन जर्मन तरुण इथे उतरले, त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ. हिंदुस्थानातले पहिले लुथरन मिशनरी. त्सीगेनबाल्ग तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता. गावातल्या शाळेत पोरांशेजारी बसून, वाळूत बोटाने अक्षरं गिरवत तमिळ शिकला असं तिथे सांगतात. त्याला चार महिने तुरुंगात टाकलं ते डॅनिश कमांडरनेच, म्हणजे आपल्याच ख्रिस्ती माणसाने. १७१५ पर्यंत त्याने तमिळ नवा करार छापून काढला, १७१८ मध्ये नवं चर्च बांधून पूर्ण केलं, आणि १७१९ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच चर्चमध्ये त्याला पुरलं आहे. आम्ही तिथे प्रार्थना केली, किल्ल्यावर फोटो काढले, मासे खाल्ले. रिट्रीट म्हणून जे ठरवलं होतं, गटचर्चा, मौन, चिंतन, ते ठीकठाक झालं. त्यातलं फारसं आठवत नाही.

परतताना बस तंजावरवरून आली, कारण मी प्राचार्यांच्या मागे लागलो होतो. तरंगमबाडीहून सुटलेला धागा तिथे आपल्या माणसांना येऊन मिळतो. श्वार्ट्स नावाचा लुथरन मिशनरी १७५० मध्ये तरंगमबाडीला आला आणि पुढे तंजावरला राहिला. तमिळ, फारसी यांबरोबर मराठीही शिकला, कारण राजवाड्याची भाषा मराठी. तुळजाराजे भोसल्यांनी १७८७ मध्ये मरताना दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या हवाली केला. सरफोजींनी त्याच्यापाशी शिक्षण घेतलं, पुढे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला. ख्रिस्ती काही झाले नाहीत. पण श्वार्ट्स १७९८ मध्ये गेला तेव्हा त्यांनी फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. शिवगंगा तळ्याजवळच्या लहानशा चर्चमध्ये ते आहे: म्हातारा पाळक खाटेवर, आणि पगडीतला मराठा राजा त्याचा हात धरून.

मी सगळ्यांना हे अगदी घरचं असल्यासारखं सांगत होतो. गुंटूरच्या सरांनी माझा फुगा फोडला. म्हणाले, याच तंजावरच्या मंडळीत जातवार वेगवेगळ्या बाजूंना बसायचे, श्वार्ट्सच्या काळातसुद्धा. ती मंडळी पुढे इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चकडे गेली; १८३३ मध्ये त्या चर्चच्या कलकत्त्याच्या बिशप विल्सनने हा भेद बंद करा म्हणून हुकूम काढला तर माणसं चर्च सोडून गेली. त्यातली काही पुढे लुथरनांकडे आली, कारण इकडे जात पाळायला सवलत जास्त होती. "आपल्या बाकांचा इतिहास असा आहे," ते म्हणाले. आईची भांडी सांगणारा तो मुलगा माझ्याच शेजारी उभा होता. तो स्मारकाकडे न बघता डावी-उजवीकडचे बाक बघत होता.

तिथून चालत बृहदीश्वराच्या देवळात गेलो. आवारातल्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला आहे, मराठीत. भिंतच्या भिंत भरलेली. आमच्या चाळीस जणांत तिथे अडकून पडलो फक्त मी. वाचता वाचता शेजारी कुणीतरी हळूहळू अक्षरं लावतंय असं ऐकू आलं. सिमडेगाकर. त्याची हिंदी देवनागरी, माझी मराठी देवनागरी. त्याला अक्षरं येत होती, अर्थ लागत नव्हता. मला अर्थ लागेल असं वाटत होतं, पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीची भाषा, जुनी वळणं, मीही अडखळत होतो. एका शब्दावर दोघेही थांबलो. तो म्हणाला 'थ', मी म्हटलं 'य'. त्याने खिशातला रुमाल काढून दगडावरची धूळ झटकली. 'य' होता.

"इतने दूर आपका भाषा," तो म्हणाला. मग भिंतीकडेच बघत: "आधा सही बोला था आपने. शुरू का किस्सा वीडियो का था. बाकी मेरा था. घर से भागने वाला बेटा मेरा चाचा है."

तो मुंडारीत विचार करतो, हिंदीत बोलतो, इंग्रजीत परीक्षा देतो. मी कधी विचारलं नव्हतं. बसमध्ये तो आपल्या जागेवर बसला, मी माझ्या. सकाळी चॅपेलच्या दारात मात्र "यीशु सहाय, भैया" ऐकू आलं, आणि त्याच आठवड्यात चिठ्ठीत आमची जोडी निघाली. अंडा आमच्या वाट्याला. तो आत वाकला, मी पाणी ओतलं, मग मी वाकलो. आत आवाज घुमतो. त्याने आतून काहीतरी मुंडारी गाणं म्हटलं, ते बाहेर येताना पितळी होऊन आलं. आई भांडी घासते तो मुलगा त्या संध्याकाळी जेवून ओट्यापाशीच बसला होता. त्याने शेवटपर्यंत एकही भांडं घासलं नाही. त्याचं नाव चिठ्ठ्यांत टाकायचं नाही असं न बोलता ठरलं होतं. पण तो रोज तिथे बसून आम्ही कुठे डाग ठेवला ते दाखवायचा, आणि त्यात तो फार कडक होता.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवशी पाय धुण्याचा विधी झाला. दरवर्षी होतो. स्वच्छ पाय, कोमट पाणी, पांढरा टॉवेल. या खेपेला तो मला नाटकासारखा वाटला, भांड्यांनंतर. ईस्टरच्या पहाटे गच्चीवर उपासना झाली. ९ एप्रिल. सर म्हणाले, बोनहोफरला फाशी दिली तीही ९ एप्रिललाच, १९४५ मध्ये. त्यावर आणखी काही बोलले नाहीत. मग अण्णांनी केशरी, म्हणजे तिकडचा गोड शिरा, केली होती ती खाल्ली.

पुढे काय झालं ते सरळ सांगतो. शेगड्या परत पेटल्या, ईस्टरनंतरच्या सोमवारीच. टेबलं पुन्हा भाषांप्रमाणे बसू लागली, पण पूर्वीइतकी घट्ट नाही. चॅपेलमध्ये पुढचे बाक भरले असं काही झालं नाही. पहिला अजून रिकामाच असायचा. भांड्यांची पाळी ठेवायची का यावर मत घेतलं तर थोडक्या मतांनी राहिली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत दोन प्राध्यापक होते. हात वर करून मतदान, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. हॉस्टेलच्या दर मजल्यावर रात्री एकजण सगळ्या दारांवर टकटक करून जायचा, हे मात्र न ठरवता सुरू झालं आणि मी निघेपर्यंत चालू होतं. अण्णांच्या भिंतीवर चहाला कोण आलं नाही याच्या रेघा असायच्या, कोळशाने.

आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांतही असा एक प्रयोग झाला होता, १९१७ मध्ये, ना. वा. टिळकांचा 'देवाचा दरबार'. मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र आणायचं मनावर घेतलं. दोन वर्षांत तेच गेले. सेमिनरीत असताना मला ते फार आठवायचे.

आता मी नगर तालुक्यातल्या एका लहान मंडळीत आहे. मागच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी पास्टोरेट कमिटीच्या सभेत मी तो तिसरा नियम मांडला. भांड्यांचं काढलं नाही, त्याला अजून धीर होत नाही. म्हटलं, चाळीस दिवस करून बघू: जो समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही, आणि बोललो तर त्याला जाऊन सांगायचं. सगळे ऐकून घेत होते. सेक्रेटरींनी मिनिट्सच्या वहीवरचा पेन उचलला. आमचे सगळ्यात ज्येष्ठ पंच, बाबा म्हणतो मी त्यांना, चष्मा पुसत म्हणाले, "पाळकसाहेब, नियम चांगला आहे. पण मग आजच्या सभेत अजेंड्यावर काय राहिलं?"